निरोगी गट

३ फेब्रुवारी

आज पेशी चालल्या. तशा त्या नेहमीच चालतात, पण आज जिकडे जायला हव्यात तिकडे गेल्या आणि जिकडे जाऊ नये तिकडे फिरकल्याही नाहीत. किती महिने त्या जाळीशी आणि त्या जेलशी झटापट चालली होती. जाळीच्या खालच्या अंगाला जांभळ्या ठिपक्यांची दाटी दिसली आणि मी एकटीच हसले. टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, लॉटरी लागली की काय?" मी म्हटलं, तसंच समज.

घरी आल्यावर कुणाला तरी सांगायचं होतं. नवरा फोनवर होता. सासूबाईंना 'पेशी' शब्द ऐकूनच जांभई येते. उरले अप्पा. माझे सासरे जन्मभर वजनमापांचे निरीक्षक होते, दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडले. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न कायम 'मोजलंस कसं?' हाच असतो.

मी ताटावरच समजावून सांगितलं. दोन मजली पेला समजा. मधे चाळणी, चाळणीवर जेलीचा पातळ थर, थरावर पेशी. कुठल्या पेशी ते मी भरभर सांगून टाकलं, प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या. प्रयोगशाळेत हा शब्द दिवसातून शंभरदा येतो, घरी सासऱ्यांसमोर जीभ अडते. खालच्या मजल्यावर माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी. त्या पाण्यात केमोकाइन नावाचे रेणू असतात. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते हे रेणू. हाडाच्या आतला मगज असे निरोप सतत सोडत असतो, आपल्या रक्तपेशींना घरी बोलवायला. कॅन्सरची पेशी तो निरोप ऐकायला शिकते. हाक दुसऱ्याच कुणाला असते, ओ ही देते. एका बाजूनं लांब होते, पाय काढते, जेल विरघळवणारा रस सोडते आणि आपल्याहून अरुंद भोकातून अंग चोरून पलीकडे जाते. शरीरातही असंच, ग्रंथीतून निघते ती हाडात जाऊन बसते.

अप्पा जेवायचे थांबले होते. "म्हणजे हाडाची काही चूक नाही."

"काहीच नाही."

"आणि त्या माणसाला कळतं कधी?"

मी म्हटलं, बऱ्याचदा उशिरा. पाठ दुखायला लागते, कंबर धरते, लोक वयावर ढकलतात.

अप्पांनी मान हलवली आणि ताट उचलून नेलं. या वयात इतकं कुतूहल असलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. फार बरं वाटलं आज.

११ फेब्रुवारी

प्लंबर येऊन गेला. संडासाची टाकी गळते आहे असा माझा संशय होता, कारण रात्रभर पाणी सोडल्याचा आवाज येतो आणि माझी झोप मोडते. त्यानं झाकण उघडून बघितलं, कुठं गळत नाही म्हणाला, पण आलोच आहे तर म्हणून आतला रबरी पडदा बदलला. सासूबाई दारात उभ्या राहून त्याचं काम बघत होत्या. एरवी कामगारांशी गप्पा मारतात, आज गप्प.

अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. तो गेल्यावर म्हणाले, उगाच खर्च केलास.

२० फेब्रुवारी

रुग्णांची सीरम पुरेशी मिळतात, मारामार आहे ती निरोगी माणसांची. साठीच्या पुढचे, काही तक्रार नसलेले पुरुष. निरोगी गट भरल्याशिवाय तुलना कशाशी करणार? रक्त घेणारी आमची सिस्टर म्हणते, साठीपुढचा तक्रार नसलेला पुरुष शोधायचा म्हणजे न भांडणारी जाऊ शोधण्यासारखं.

हे मी जेवताना गंमत म्हणून सांगितलं. अप्पा म्हणाले, "माझं घे."

मी म्हटलं, अहो, घरच्यांचं कसं घेणार. पण ते हट्टालाच पेटले. सुनेच्या कामाला सासऱ्याचं रक्त उपयोगी नाही तर कुणाचं, वगैरे. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आमटीची वाटी नको इतकी पुढे सरकवली.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल की. सिस्टर नळीवर नंबर घालते, कुठला नंबर कुणाचा ते तिच्यापाशी. तुला कळणारच नाही.

मला भरून आलं. माझ्या वडिलांनी माझं काम काय आहे हे कधी विचारलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

अप्पा रक्त देऊन आले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते. संध्याकाळी मोठ्या फुशारकीनं सांगत होते, "तुमच्या त्या सिस्टरनं चार प्रश्न विचारले. लघवीला त्रास, रात्री उठावं लागतं का, वजन, दुखणंखुपणं. चारही नाही. पैकीच्या पैकी."

"सिस्टर चांगली आहे ना?" मी विचारलं.

"पोरगी आहे गं अगदी. नातीएवढी."

मग म्हणाले, "रक्तात काय काय बघता?"

मी सांगितलं, पेशींवरचा प्रयोग तर आहेच, शिवाय पीएसए. त्या ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन, रक्तात फार वाढलं की संशय घ्यायचा. 'म्हणजे सगळं कळतं', अप्पा म्हणाले. मी म्हटलं, सगळं.

पीएसए आम्ही शेवटी, सगळ्या नळ्या गोळा झाल्यावर एकदमच करणार आहोत, हे सांगायचं राहिलं. एकाच दिवशी, एकाच किटनं केलं की मोजणीत फरक पडत नाही. तोवर नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमधे. अप्पांना ही पद्धत पटली असती, त्यांच्या खात्यातही प्रमाण-वजनं एकाच दिवशी ताडून बघत.

१० मार्च

अप्पांची कंबर धरली आहे. सकाळचं फिरणंही बंद. त्यांच्या फिरायच्या मंडळातले दोघे चौकशी करून गेले, अप्पांनी बुटांवर ढकललं. म्हणून मी नवे बूट आणले आणि गादीही बदलली, चांगली कडक. नवरा म्हणाला, सुनेनं लाड करावेत तर असे.

बूट खोक्यातच आहेत.

१९ मार्च

डोकं उठलं आहे. निरोगी गटातली सतरा नंबरची नळी. बाकीच्या सगळ्या शहाण्यासारख्या, जाळीखाली इनमीन थोडे ठिपके. आणि या सतरामधे पेशींचा पूर लोटलेला. माझ्या सगळ्यात आजारी रुग्णांच्या सीरमलाही पेशी अशा धावत गेल्या नव्हत्या. आलेखात एक ठिपका एकटाच वर, छपरावर चढून बसल्यासारखा.

मी टेक्निशियनला विचारलं, ही नळी बर्फाबाहेर राहिली होती का. ती म्हणाली, नाही मॅडम. मी म्हटलं, मग अशी कशी येईल? ती म्हणाली, आली खरी. ते 'आली खरी' मला झोंबलं. सगळ्यांसमोर बोलले. निष्काळजीपणा म्हणाले, आणखीही काही. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि या प्रयोगशाळेत माझ्या आधीपासून आहे. तिनं हातमोजे काढून पिशवीत टाकले आणि दुसरे घातले.

२४ मार्च

सतरा पुन्हा लावली, टेक्निशियनच्याच सांगण्यावरून. पुन्हा तेच. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, नळीच खराब आहे म्हटल्यावर दहादा लावली तरी तेच येणार.

सरांनी आलेख बघितला. 'एवढी एक काढून टाक, कारण लिही आणि पुढे चल,' म्हणाले. जूनमधे परिषदेत मला हे मांडायचं आहे. कारणाच्या रकान्यात 'नमुना हाताळणीत खराब' असं लिहिलं.

सतरा गेल्यावर आलेख किती देखणा झाला.

२ एप्रिल

अप्पांनी आज सहज विचारलं, "लागले का गं तुझे निकाल?"

मी म्हटलं, लागत आलेत.

"आम्ही निरोगी मंडळी काय म्हणतो?"

मी खुशीत होते. म्हटलं, "एकदम नॉर्मल, अप्पा. निरोगी गट निरोगीच निघाला. सगळं छान आहे."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग सासूबाईंना हाक मारून म्हणाले, ऐकलंस का, सगळं नॉर्मल आहे. आज भात दुसऱ्यांदा घेतला, मला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवलं. सुया न टोचणारी डॉक्टर. खूप दिवसांनी घर हलकं वाटलं.

२८ एप्रिल

संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचं पत्र. निरोगी गटातला एक नमुना का वगळला, पुरावा काय, त्या व्यक्तीचं रक्त पुन्हा घेऊन खात्री करावी. माझी चिडचिड झाली. एका नळीसाठी किती तो कीस पाडायचा. सिस्टरला सांगितलं, सतरा नंबरला फोन करून बोलाव. ती रजेवर निघाली होती, आल्यावर करते म्हणाली.

अप्पांना बसलं की उठवत नाही. मालिशवाला बघायला हवा.

९ मे, शनिवार

आम्ही तिघं टेबलाशी मटार सोलत होतो. अप्पांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात.

"काका, ओळखलंत का? मी सिस्टर. तुमचं रक्त पुन्हा एकदा लागेल हो. मागची नळी खराब निघाली, म्हणून टाकून दिली."

अप्पा म्हणाले, "टाकून दिली? म्हणजे बघितलंच नाही?"

पलीकडून काहीतरी हसून उत्तर आलं. मी ऐकलं नाही. अप्पा माझ्याकडे बघत होते.

आज लिहवत नाही.

१० मे

सकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. आधी त्याला कळेचना. मग म्हणाला, नळीत गडबड असेल, तूच म्हणाली होतीस. मी म्हटलं, तू जाऊन त्यांना विचार, रात्री कितीदा उठावं लागतं, लघवी कशी होते, कधीपासून. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "मी? अप्पांना हे असलं कसं विचारणार?"

मुलगा विचारू शकत नाही तर सुनेनं कसं विचारावं? हा प्रश्न मनात आला आणि त्याच क्षणी मला माझीच शिसारी आली. परक्या पुरुषांचं हेच दुखणं मी परिषदांमधून मोठ्या पडद्यावर दाखवते.

अप्पा गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते, उशी पाठीमागे खोचून. मी शेजारी पायरीवर बसले. दोघं समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होतो. तसं बघत असल्यामुळेच बोलता आलं.

मी विचारलं. त्यांनी उत्तरं दिली. रात्री मोजता येणार नाही इतक्यांदा. धार नाही, थेंबथेंब. मागच्या वर्षापासून. कंबरेचं थंडीपासून, आता मांडीतही उतरतं.

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंत, अप्पा?"

"सांगितलं की. रक्त दिलं."

ते सावकाश बोलत राहिले, जणू माझी समजूत घालत होते. "त्या पोरीसमोर तोंडानं बोलवेना. तुझ्यासमोर तर नाहीच. म्हटलं, नळी जाईल, तू बघशील. तू बघितलंस की आपोआप कळेल, मला बोलावं लागणार नाही. मग वाट बघत बसलो. तू म्हणालीस, सगळं नॉर्मल. म्हटलं चला, म्हातारपणच आहे नुसतं."

"मला माहीत नव्हतं ती नळी तुमची."

"हो, ते काल कळलं."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. खाली उतरताना कठड्याला धरून उतरले, मी हात पुढे केला तर नको म्हणाले.

११ मे

सासूबाईंशी बोलणं टाळत होते. त्यांनीच स्वयंपाकघरात गाठलं. त्यांना सगळं माहीत होतं. अप्पांच्या ओल्या विजारी पहाटे उठून त्याच धुवत होत्या, मी उठायच्या आत.

मी म्हटलं, आई, निदान तुम्ही तरी बोलायचं.

"मी बोलायचं? कुणाशी? नवऱ्याचं हे असलं सुनेजवळ? आणि मला वाटलं, तुझं तर रोजचंच काम आहे ते. येताजाता दिसतंच असेल तुला, मुद्दाम सांगायचं काय." मग कढईत उलथनं आपटून म्हणाल्या, "प्लंबर बोलावलास गं तू. प्लंबर."

आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या ओट्याला टेकल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. मी गॅस बंद केला.

१३ मे

मूत्ररोगतज्ज्ञाकडे गेलो. तपासायच्या आधी डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. अप्पा बाहेर आले तेव्हा पट्टा नीट लावत होते आणि माझ्याकडे मुळीच बघत नव्हते. वाटेत रिक्षात फक्त एकदा म्हणाले, "जन्मभर लोकांचे तराजू उलटे करून बघितले. वाईट वाटत असणार त्यांना."

पीएसए आला. आकडा लिहीत नाही. आमच्या रुग्णगटातल्या पहिल्या दोन-तिनांत बसेल असा आहे. हाच आकडा फेब्रुवारीपासून आमच्या फ्रीजरमधे होता, माझ्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर. एकदम करू, म्हणजे मोजणीत फरक पडणार नाही.

२० मे

हाडांचा स्कॅन. राखाडी सांगाडा, आणि कंबरेच्या मणक्यात दोन ठिकाणी, डाव्या खुब्यात, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला काळे डाग. पसरलेला आहे.

आता जे लिहिते आहे ते कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. स्कॅन समोर लागला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे प्रयोग बरोबर होता. त्या थेंबभर सीरमनं खरं सांगितलं होतं. पेशी बरोबर धावल्या होत्या. क्षणभर, अगदी क्षणभर, मला आनंद झाला. शेजारी अप्पा बसले होते, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. त्यांचं हाड त्या भिंतीवर टांगलेलं, आणि मी खूश.

डॉक्टरांना मी एकटी जाऊन भेटले. मार्चमधे कळलं असतं तर? ते म्हणाले, मार्चमधेही हाडात असणारच, फार फरक पडला नसता. मग जरा थांबून म्हणाले, अर्थात दुखणं कमी झालं असतं, डाग कदाचित एखादा कमी असता, नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मी मात्र तो 'कदाचित एखादा' घेऊन घरी आले आणि तेव्हापासून त्या डागांतला माझा कोणता ते शोधते आहे.

२२ मे

टेक्निशियनला बाजूला बोलावलं. म्हटलं, नळी खराब नव्हती, तू बरोबर होतीस, माझं चुकलं. तिनं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही बोललात ते चारचौघांत. आणि कागदावर लिहिलंत हाताळणीत खराब. हाताळणारी मी एकटीच आहे. आता हे तुम्ही मला कोपऱ्यात सांगताय."

तिचं खरं होतं. कोपरा मीच निवडला होता.

दुपारच्या बैठकीत उभी राहिले. सरांसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं, की सतरा नंबरची नळी निर्दोष होती, मी पुराव्याशिवाय ती काढली आणि दोष दुसऱ्यावर टाकला. सर म्हणाले, ठीक आहे, होतं असं. मग विचारलं, तो माणूस मग आजारीच निघाला का? मी म्हटलं, हो, हाडात पसरलंय. सर खुर्चीत पुढे झाले. "अगं, मग हे सोनं आहे. ज्याला स्वतःला पत्ता नाही असा माणूस तुझ्या चाचणीनं पकडला. परिषदेत पहिली स्लाइड हीच ठेव."

मी म्हटलं, "त्याला पत्ता होता, सर. आणि मी पकडला नाही. सोडून दिला."

बहुतेक त्यांनी ओळखलं. बाहेर आल्यावर टेक्निशियननं विचारलं, कोण होतं. मी सांगितलं. नंतर दिवसभर माझ्या वाटच्या जाळ्याही तिनंच रंगवल्या, पण मला माफ केलं असं काही तिनं म्हटलं नाही, आणि मीही ते गृहीत धरत नाही.

५ जून

परिषदेतून नाव मागे घेतलं. सगळ्या निरोगी गटाचं पीएसए आधी करा, एकेकाचं, आल्या दिवशीच, असं लिहून दिलं. मोजणीत फरक पडेल. पडू दे.

सरांच्या सांगण्यावरून अप्पांना विचारावं लागलं, तुमच्या नळीचा निकाल अभ्यासात ठेवू की काढू. मला वाटलं ते नको म्हणतील, आणि म्हटलं असतं तर मी सुटले असते. अप्पा इंजेक्शन घेऊन आले होते. पुरुषी हार्मोन बंद करण्याचं इंजेक्शन आहे. या पेशी त्यावर पोसतात, ते तोडलं की बराच काळ दबून राहतात. दंड चोळत म्हणाले, "ठेव. आणखी लागलं तर आणखी घे. पण आता बघ."

३० जून

दुपारी लवकर घरी आले तर स्वयंपाकघरात अप्पा उघड्या फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसलेले, बनियन घामानं चिकटलेली, चेहरा लालबुंद. सासूबाई फ्रीजचं दार लावायला बघत होत्या, ते लावू देत नव्हते. दूध नासेल, त्या म्हणत होत्या. नासू दे, ते म्हणत होते.

मला बघून दोघंही चपापले. अप्पांनी शर्टासाठी हात पुढे केला. मग कोण जाणे काय वाटलं, हात तसाच मागे घेतला.

"हे बघ गं," ते म्हणाले. "छातीतून वाफ उठते आणि कानापर्यंत जाते. दिवसातून किती वेळा. मरणाचा घाम. हे काय नवीन?"

सासूबाई म्हणाल्या, "नवीन कसलं? आम्हा बायकांना सगळ्यांनाच झालं होतं पन्नाशीत. तेव्हा म्हणायचे, नाटकं करते." आणि तोंड फिरवून हसल्या.

इंजेक्शनामुळे होतं, हे मला कारणांसकट पाठ होतं. हार्मोन उतरला की मेंदूतलं तापमानाचं माप बिघडतं. तोंडात आलेलं ते सगळं मी गिळलं.

"मलाही होतं, अप्पा," मी म्हटलं. "दीड वर्ष झालं."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. प्रयोगशाळेत झालं की थंड खोलीत जाऊन उभी राहते, काहीतरी शोधत असल्यासारखी. सांगताना कानशिलं तापली, आणि यावेळी ती फक्त लाजेनं. सासूबाई माझ्याकडे वळून बघायला लागल्या. अप्पांनी विचार केला, मग खुर्ची थोडी बाजूला सरकवली, फ्रीजसमोर एका माणसापुरती जागा केली.

"मग उभी राहा की."

मी उभी राहिले. दोघांच्या अंगावर तो गारवा येत होता. सासूबाईंनी निमूट दुधाचं पातेलं काढून बाहेर ठेवलं.

थोड्या वेळानं अप्पा दह्याच्या भांड्याकडे बघतच म्हणाले, "आणि एक. मांडीतलं कालच्यापेक्षा जास्त आहे. सकाळी पाय टेकवला तेव्हा कळ गेली."

"कुठे?"

"इथे. डावीकडे."

"नीट दाखवा. बोट ठेवा."

त्यांनी जांघेजवळ, खुब्याच्या खाली बोट ठेवलं. मला मान वळवावीशी वाटली. मी खाली बसले, त्यांच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं आणि विचारलं, इथे? ते म्हणाले, जरा वर.